हौसेला मोल नसावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या इमारतीच्या गच्चीवर गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, नारळ, पेढे आणि एक पाहुणा वक्ता असा त्याचा ठरलेला क्रम आहे. गेल्या वर्षीच्या वक्त्यांनी मुलांना सांगितले, की ज्याची मनापासून आवड आहे त्याचाच व्यवसाय करा, म्हणजे आयुष्यभर काम केल्यासारखे वाटणारच नाही. पालकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत हा उपदेश आता इतक्या वेळा कानी पडतो, की त्याची उलटतपासणी करावी असे कोणाला वाटतही नाही. मुंबईच्या पाणीखात्यात तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आणि शाळकरी वयापासून कागदाचे आकाशकंदील करत आलेला माणूस म्हणून मला मात्र तो चुकीचा आणि अपायकारक वाटतो. त्याने कामाचेही नुकसान होते आणि छंदाचेही.

कामाचे नुकसान आधी पाहू. हे शहर ज्या कामांवर उभे आहे, त्यांपैकी फार थोडी कामे कोणाच्या लहानपणीच्या आवडीतून निघाली असतील. जलवाहिनीची गळती शोधणे, रक्ताचे नमुने तपासणे, विम्याचे दावे निकाली काढणे, लोकलच्या रुळांची रात्री तपासणी करणे, हिशेबाच्या वह्या ताडून पाहणे ही कामे कोणीतरी करते म्हणून सकाळ होते. त्या गच्चीवर बसलेल्या मुलांपैकी बहुतेक जण उद्या अशाच एखाद्या कामाला लागतील. समाधान केवळ आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीतच असते, असे सोळाव्या वर्षी मनावर ठसलेले मूल पुढे अशा नोकरीत शिरते, तेव्हा आपण हरलो आहोत हे मनाशी धरूनच शिरते. कामात काय आहे हे पाहायच्या आधीच त्याची पाठ कामाकडे वळलेली असते.

छंदाचे नुकसान मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या जुन्या चाळीत दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून बांबूच्या कामट्या तासणे, दोऱ्याने सांगाडा बांधणे, गव्हाच्या पिठाची खळ शिजवणे आणि पतंगाचे कागद ताणून चिकटवणे असा उद्योग चाले. नोकरी लागली, बिऱ्हाड बदलले, तरी माझा हा नाद सुटला नाही. दरवर्षी एकच कंदील, पण नवा आकार, असा माझा नेम होता. एका वर्षी बारा बाजूंचा कंदील केला. तो उभा राहण्यापूर्वी तीनदा वाकडा झाला आणि त्या तिन्ही रात्री मी विलक्षण आनंदात होतो. मग शेजाऱ्यांनी मागितले, शेजाऱ्यांच्या नातलगांनी मागितले, आणि कोणीतरी म्हणाले, "काका, एवढी कला हातात आहे, ऑर्डरी का घेत नाही?" मी घेतल्या. पहिल्या वर्षी चाळीस, दुसऱ्या वर्षी शंभराच्या वर. सगळ्यांना तोच आकार हवा होता, कारण तोच त्यांनी पाहिला होता. मी कामट्या मापून एकदम कापू लागलो, सगळ्या कंदिलांच्या झिरमिळ्या एका लांबीच्या करू लागलो, अमुक रात्रीपर्यंत अमुक नग झाले पाहिजेत असे तक्ते भिंतीला लावू लागलो. पैसे मिळाले आणि ते उपयोगीही पडले. तिसऱ्या वर्षी नवरात्र संपले, बांबू आणायची वेळ आली आणि माझे पाऊल उचलेना. त्या दिवाळीत आमच्या खिडकीत बाजारातला कंदील लागला, आणि पुढची चार वर्षे मी कामटीला हात लावला नाही.

मला बरीच वर्षे वाटत असे, की हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, कष्टाचा कंटाळा आहे. पुढे मानसशास्त्रातल्या एका प्रयोगाची माहिती वाचनात आली, तेव्हा त्या चार वर्षांचा काहीसा उलगडा झाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडत होते अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे आणि फितीचे प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर, न सांगता दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात नुसती ठेवून दिली, तेव्हा पहिल्या गटातली मुले इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. त्यांनी प्रयोगाच्या वेळी काढलेली चित्रेही तज्ज्ञांना डावी वाटली होती. या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने मूळची ओढ कमी होते, मनापासून केलेल्या कौतुकाने मात्र ती कमी होत नाही, असेच दिसून आले.

या प्रयोगातला दुसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या मुलांनाही बक्षीस मिळाले होते, पण त्यांची ओढ टिकून राहिली. म्हणजे दोष पैशाचा किंवा बक्षिसाचा नाही. आधी ठरलेल्या सौद्याचा आहे. मी ज्या वर्षी एका नातलगाला कंदील दिला आणि त्यांनी आपण होऊन माझ्या हातात पाकीट ठेवले, त्या वर्षी माझे काहीच बिघडले नव्हते. नग, मुदत आणि नमुना ठरला, तेव्हा कंदील कसा असावा हे ठरवणारा मी उरलो नाही. माझ्या छंदाचे सारे सुख ते ठरवण्यातच होते. तीनदा वाकडा होण्याची मुभा होती म्हणून बारा बाजूंचा कंदील झाला. ऑर्डरीच्या कंदिलाला एकदाही वाकडे होण्याची सवड नसते.

याचा अर्थ धंदा म्हणून कंदील करणारे कमी प्रतीचे काम करतात, असा मुळीच नाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी एकदा संध्याकाळी उभे राहून पाहावे. बोलता बोलता ज्यांचे हात कागदाला एकसारख्या चुण्या पाडतात, ज्यांच्या शंभराव्या कंदिलाची टोके पहिल्याइतकीच टोकदार असतात, त्यांचे कौशल्य माझ्यापेक्षा कितीतरी वरचे आहे. त्यांचे समाधान सफाईत आहे, वेगात आहे, गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी परत येण्यात आहे. ते कामाचे समाधान आहे आणि ते पूर्ण आहे. माझे समाधान वेगळ्या जातीचे होते, आणि मी एकाच्या आशेने दुसरे गमावले. या दोन सुखांची घाण्याला एकत्र जुंपणी केली की दोन्ही दमतात.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, हौस. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, ते सहसा लग्नातल्या अवाजवी खर्चाचे समर्थन करताना. पण ही म्हण शब्दशः घेऊन पाहावी. जिचे मोल ठरवता येत नाही, ठरवू नये, ती हौस. याच शब्दापासून झालेले 'हौशी' हे विशेषण मात्र आपण हलके केले आहे. हौशी कलाकार म्हणजे कच्चा, व्यावसायिक म्हणजे पक्का, असा समज रूढ झाला आहे, आणि या शहराचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, दोघेही पेशाने वैद्यक व्यवसायातले. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात होत. मग फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या कचेरीतली जागा संस्थेला वापरायला दिली. पुढे कोवळ्या वयाचा सालिम अली गळ्याशी पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन ओळख पटवायला संस्थेत गेला, तेव्हा पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण उघडून दाखवणारे मानद सचिव मिलार्ड हेसुद्धा पोटासाठी त्याच मद्याच्या पेढीत काम करणारे गृहस्थ होते. उपखंडातल्या पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाला ज्याने वाट दाखवली, त्याला पक्ष्यांचा पगार मिळत नव्हता.

छंदाचे काम व्हावे असे काहींच्या बाबतीत घडते आणि ते योग्यही असते, हे मान्य केले पाहिजे. डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली, आणि मराठी नाटकाचे त्यात भलेच झाले. परंतु तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, हौशी रंगभूमीवरची त्यांची कित्येक वर्षे मागे होती आणि हातात एक पक्का पेशा होता. व्यवसाय म्हणून नाटकाला जी शिस्त, जी पुनरावृत्ती आणि जे अपमान सोसावे लागतात, त्यांची पुरेशी कल्पना आल्यावर घेतलेला तो निर्णय होता. सत्काराच्या गच्चीवर सोळा वर्षांच्या मुलाला या गोष्टीचा निम्माच भाग सांगणे अन्यायाचे आहे.

आणखी एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. घरी उत्तम पुरणपोळ्या करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना 'हौसेचे पैसे घेऊ नका' असे सांगणे म्हणजे त्यांना कायम फुकट राबवणे नव्हे काय? आक्षेप बरोबर आहे, पण तो हौसेला लागू होत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाचा महिला गृहउद्योग उभा राहिला. पापड लाटणे हा त्यांचा छंद नव्हता. ते त्यांच्याकडून घरोघर अपेक्षित असलेले, बिनमोल धरलेले श्रम होते, आणि त्या श्रमांचे दाम त्यांनी वसूल केले. आपण बायकांच्या कामाला हौस म्हणतो तेव्हा बहुधा मजुरी बुडवत असतो. म्हणून ज्याला खरोखर काम म्हणायचे त्याला पुरेपूर दाम असावे, आणि ज्याला हौस म्हणायचे तिला दामाच्या हिशेबातून मोकळे ठेवावे. रेषा नीट ओढली तर दोन्हीकडचा न्याय साधतो.

आता कामाच्या समाधानाविषयी. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही घड्याळाकडे पाहून दिवस ढकलत होतो. माझी समजूत बदलली ती एका चावीवाल्यामुळे. मुंबईत पाणी चोवीस तास सगळीकडे येत नाही. विभागवार ठरलेल्या वेळी रस्त्याखालच्या झडपा उघडून ते फिरवले जाते, आणि लांब दांड्याच्या किल्लीने त्या झडपा फिरवणाऱ्या कामगाराला सगळे चावीवाला म्हणतात. आमच्या विभागातले ते गृहस्थ प्रत्येक झडपेला किती आटे द्यायचे, कुठल्या चढावरच्या वस्तीला पाणी पोचायला किती वेळ लागतो, कुठला जुना बिडाचा नळ दाब सोसणार नाही, हे सारे तोंडपाठ ठेवून होते. झडप झटकन बंद केली की पाण्याचा तडाखा नळाला बसतो आणि शिशाचे जुने सांधे गळू लागतात. मी एकदा उशीर झाला म्हणून त्यांना घाई केली, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आटे मोजूनच फिरवायचे. वरच्या गल्लीत म्हातारी माणसं भांडी लावून बसलेली असतात, त्यांचं पाणी मध्येच तुटायला नको." मी अभियंता होतो, माझ्याकडे नकाशे होते, पण ती म्हातारी माणसे नकाशात नव्हती.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर रात्रीच्या गळती शोधायच्या फेऱ्यांना जाऊ लागलो. वाहतूक थांबलेली असते, लोखंडी कांबेचे एक टोक नळावर टेकवायचे, दुसरे कानाशी धरायचे आणि आतल्या वाहत्या पाण्याच्या आवाजातून गळतीचा बारीक, फुत्कारल्यासारखा आवाज वेगळा ओळखायचा. सहा महिने मला काहीच ऐकू आले नाही. मग एका रात्री आले. १८६० पासून विहारचे आणि १८९२ पासून तानसाचे पाणी या शहराला येते. आता सात तलावांमधून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी येते, आणि त्यातल्या वाया जाणाऱ्या एका धारेचे ठिकाण आपल्या कानाने सांगितले, यात जो आनंद होता तो कंदिलाच्या आनंदाहून निराळा पण त्याच्याइतकाच अस्सल होता. तो मला आवडीतून मिळाला नव्हता. पाण्याच्या नळांची मला लहानपणी कसलीही आवड नव्हती. आधी कौशल्य आले, मग कोणासाठी करतो आहोत ते दिसले, आणि गोडी सर्वांत शेवटी लागली. सत्कारातले वक्ते हा क्रम उलटा सांगतात.

एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्याच वॉर्डात, त्याच पगारावर काम करणाऱ्या काहींना आपले काम म्हणजे फक्त फरशी पुसणे वाटत होते, तर काही जण आपण रुग्ण बरे होण्याच्या कामात सहभागी आहोत असे मानत होते, रुग्णांशी बोलत होते आणि परिचारिकांची गरज ओळखून आपला क्रम बदलत होते. काम तेच असताना त्याचा आवाका माणूस वाढवू शकतो, असा त्यांचा २००१ मध्ये मांडलेला निष्कर्ष आहे. आपल्याकडे हे सांगायला कोणी संशोधक लागू नये. अरणच्या सावता माळ्याने मळा सोडून भजनाला जायचे ठरवले नाही. त्याला मळ्यातच विठ्ठल भेटला असे आपण सातशे वर्षे सांगत आलो आहोत. गोरोबा मडकी घडवत राहिले, नरहरी सोनारकाम करत राहिले. त्यांनी अभंगांचा व्यवसाय केला नाही आणि व्यवसायाला अभंगापेक्षा हलकाही मानले नाही.

परंतु इथे थांबलो तर मी एक मोठी फसवणूक करीन. काम हीच पूजा असे सांगून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नको त्या कामाला जखडून ठेवले, त्यांचे काय? 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसाचा कल आणि क्षमता पाहत नाही, जन्म पाहते, आणि म्हणून ज्या कामात माणसाचे मनही नाही आणि बुद्धीही नाही अशा कामात त्याला गुंतवते. कामातल्या समाधानावर याहून मूलभूत लिखाण मला माहीत नाही. काम निवडता आले पाहिजे, सोडता आले पाहिजे, त्यात जीव धोक्यात जाता कामा नये आणि त्याचे वेतन माणसासारखे जगण्याइतके असले पाहिजे. एवढे असेल तरच त्यात अर्थ शोधण्याची गोष्ट बोलण्याचा अधिकार पोचतो. मैलासफाईच्या अमानुष प्रथेवर २०१३ चा कायदा बंदी घालतो, आणि तरीही भूमिगत गटारांत गुदमरून माणसे मरतात. त्यांच्या घरच्यांना समाधानाचे धडे देणारा माणूस निर्दय असला पाहिजे. चावीवाल्याने आपल्या कामात अर्थ शोधला हे खरे, पण त्याला कायम नोकरी होती, निवृत्तिवेतन होते आणि म्हणून मान वर करून साहेबाला थांबवण्याची हिंमत होती. तेच काम ठेकेदाराकडे महिनाभराच्या करारावर करणाऱ्याला आटे मोजण्याइतका निवांतपणा कुठून यावा?

म्हणूनच मी हा प्रश्न खाजगी मानत नाही. कामातले समाधान हक्कांवर उभे असते आणि छंद मोकळ्या वेळावर. हा मोकळा वेळ मुंबईत कोणी दान दिलेला नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे आणल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी ठळक होती, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गिरणगावातली भजनी मंडळे, लेझीम पथके, शाहिरी, कामगार नाटके हे सारे त्या सुटीच्या आणि पाळीनंतर उरलेल्या तासांच्या जमिनीवर उगवले. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने व आस्थापनांमधली नऊवरून दहा तासांवर नेण्याच्या बदलांना मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहणार आहे, हे त्याचे समर्थन आहे. विरारहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या माणसाच्या दिवसात जाता-येता तीन तास मिळवून पाहावेत. बारा तासांच्या दिवसाला ते जोडले की उरतात नऊ. त्यात झोप, जेवण आणि मुलाचे तोंड पाहणे बसवायचे. अशा दिवसात पेटीवर बोट ठेवायलाही जागा नाही. काही उद्योगपती आठवड्याला सत्तर आणि नव्वद तास कामाचा आग्रह धरतात, तेव्हा ते माणसाच्या आयुष्यातला नेमका कुठला भाग मागत आहेत, हे त्यांना स्पष्ट विचारले गेले पाहिजे.

आणि हा मोकळा वेळ घरातही सारखा वाटला गेलेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही. माझ्या कंदिलांच्या रात्रींत मुलांचा अभ्यास कोण घेत होते आणि खळेचे पातेले कोण घासत होते, हे मला फार उशिरा दिसले. माझ्या पत्नीने लग्नाआधी पेटीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या. ती पेटी आमच्या घरात वीस वर्षे माळ्यावर होती.

वेळेनंतर प्रश्न येतो जागेचा. फिप्सनने कचेरीतला एक कोपरा दिला नसता तर ती आठ माणसे किती दिवस भेटत राहिली असती? १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह परवडणाऱ्या भाड्यात मिळाले, म्हणून दिवसा नोकऱ्या करणाऱ्या माणसांनी तिथे प्रायोगिक रंगभूमीची चळवळ उभी केली. परळचे दामोदर नाट्यगृह नमन आणि शक्ती-तुरा या कोकणातल्या लोककलांना कित्येक दशके आधार देत आले. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले ते उगीच नाही. आजच्या भाड्यात तालमीची खोली घ्यायची तर नाटक विकले गेलेच पाहिजे, आणि विकले गेलेच पाहिजे म्हटले की चुकण्याची मुभा संपते. शहरात महापालिकेच्या शाळा आहेत, त्यांचे वर्ग संध्याकाळनंतर कुलुपात असतात. एक पहारेकरी, दोन दिवे आणि नाममात्र शुल्क एवढ्यावर हे वर्ग वस्तीतल्या तालमींसाठी, वादनासाठी, बुद्धिबळासाठी खुले करता येतील. नगरसेवकांना रंगीत पदपथांऐवजी हे मागायला हवे, आणि ते मागणारे नागरिक अजून तरी मला दिसत नाहीत.

आमच्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेपुरते आम्ही ते करून पाहिले आहे. संस्थेची कचेरी महिन्यातून एका सभेपुरती उघडत असे. सर्वसाधारण सभेत दोन वेळा वाद झाल्यावर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ ती सर्वांना वापरायला द्यावी असे ठरले. अट एकच घातली, की तिथे केलेली कोणतीही वस्तू विकायची नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे दिवसभर वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतात, ते तिथे जुन्या घड्याळांची चक्रे उकलत बसतात. बँकेत नव्यानेच लागलेली एक मुलगी रस्त्यावरच्या ताम्हणाची आणि बहाव्याची पाने आणून त्यांच्या शिरा पेन्सिलीने काढते. गेल्या वर्षी सत्कार झालेल्या मुलांपैकी दोघे येतात; त्यांना मी कामटी तासायला शिकवतो आहे, आणि त्यांचा पहिला सांगाडा सध्या फारच वाकडा आहे. पेटी माळ्यावरून खाली आली. भात्याला उंदरांनी भोके पाडली होती, ती मी कंदिलाच्या खळेने आणि जाड कागदाने बुजवली, पण ते टिकले नाही. शेवटी दादरच्या कारागिराकडून नवा भाता बसवून घेतला आणि त्यांनी सांगितली तेवढी मजुरी, एक रुपयाही कमी न करता, देऊन आलो.